तिसरा कोपरा

आंतोफागास्तात संध्याकाळी सहाच्या चहाला ‘अकरा’ म्हणतात.
का, ते आमच्या घरात कोणी विचारलं नाही.
टेबलावर पाव, कुस्करलेला अव्होकाडो,
आणि बाबांनी एकदा खिशातून आणलेला
बाटलीच्या काचेसारखा हिरवा खडा.

बाबा सात दिवस वर, खाणीत,
सात दिवस खाली, घरी.
ते उतरले की आई मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी मागून घ्यायची.
एक वर, तर एक खाली.
त्यात दोघं सुखी होती, असं आज हिशेबाने म्हणता येतं.
पंचाईत माझी.
बाबांच्या उलट वागले तर थेट आई,
आईच्या उलट वागले तर हुबेहूब बाबा.
दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ
म्हणणाऱ्याने त्रिकोण काढून पाहिलेला नसावा.

खड्यात तांब्याचे अणू असेच बसलेत,
त्रिकोणाच्या टोकाला त्रिकोणाचं टोक,
मधे षट्कोनी भोकं, बांबूच्या टोपलीची वीण.
प्रत्येकाचा हट्ट एकच: शेजाऱ्याच्या विरुद्ध.
दोघांत जमतं.
तिसरा आला की निसर्ग फिरकी घेतो.
मांडण्या आठ. सहांत एक रेघ रुसलेली,
उरलेल्या दोनांत तिन्ही.
बिनरुसव्याची एकही नाही.
गारठवत न्या, पार शून्याच्या उंबऱ्यापर्यंत,
सगळं निजतं, हे कूस बदलत राहतं.

खऱ्या दगडात याहून गुंता आहे.
मी फक्त वर-खालीपुरता सोडवते,
पेन्सिलीने, कारण खोडावं लागतं.

“किती मांडण्या?” ओयार्सो सर फळ्याशी विचारतात.
“अंदाज नको, एदेल्मिरा. निदान किती, ते सांग.”

मंगळवारी, बसथांब्यावर, पावतीच्या पाठीवर:
सगळे पहिले कोपरे वर.
सगळे दुसरे खाली.
आता कुठल्याही तिसऱ्याकडे बघा,
शेजारी चार, दोन वर, दोन खाली.
तो कसाही वळो, दमडीचा फरक नाही.
म्हणजे जाळीतला तिसरा हिस्सा
सुटा.
दोनाचा तेवढा घात. निदान तेवढा.
माझी बस गेली.

सर म्हणाले, सैल आहे, प्रत्यक्षात पुष्कळ जास्त असणार.
असतील.

घरी निवृत्त बाबा रेडिओ लावत होते,
आई बंद करत होती.
मला बघून दोघं थांबली.
“तू सांग,” आई म्हणाली, “लावू की नको?”

मी खुर्ची ओढली, पावाला सुरी लावली.
कसंही, म्हटलं.