मे महिन्यात तोंड बांधून

शेहेचाळीस अंश.
व्हेरायटी चौकात सिग्नलवर सगळे
तोंडाला दुपट्टे बांधून, नुसते डोळे उघडे,
जणू अख्ख्या गावानं मिळून दरोडा घालायचं ठरवलंय.
त्यात आम्ही दोघं एका स्कूटीवर,
त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर,
कोणी वळून पाहत नाही.
उन्हाळा सगळ्यांना छळतो, बाप्पा,
आम्हाला पावतो.

गुणवंत नंदनवार.
माझ्या फोनमध्ये मात्र 'कूलरवाला, गोकुळपेठ'.
आई म्हणते, काऊन रे,
डिसेंबरातही फोन येऊन राहिला त्याचा,
एवढा काय बिघडला आपला कूलर?
मी म्हणतो, मोटर जुनी आहे.
चार वर्षं झाली, मोटर जुनीच आहे.

सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ, ठेल्यावर,
दुपट्टे हनुवटीखाली ओढून तर्री-पोहे.
दोन प्लेटी, वेगवेगळ्या.
माझ्या तर्रीतले चणे तो उचलतो, न विचारता.
एवढं तर मित्रही करतात.
एवढ्यावरच आमचं भागतं इथं.

महिन्यातून एकदा त्रिमूर्तीनगरात, सुधन्वाच्या फ्लॅटवर,
पडदे लावून, सगळे:
बँकेतला रोखपाल, कीर्तनकाराचा मुलगा,
नवा एक पोरगा, जो अजून दारातच बूट घालून बसतो,
आणि कामठीचे हुसेनीसाहेब, साठी उलटलेले,
सांबारवडीचा पुडा घेऊन.
म्हणतात, आमच्या वेळी फोन कुठले?
अंबाझरीचा बांध होता.
कोण कितव्या पायरीवर बसलं, त्यावरून कळायचं.
एकदा मी आठ महिने चुकीच्या पायरीवर बसलो, म्हणतात,
आणि स्वतःच सगळ्यात आधी हसतात.

गोळीबार चौकात गुणवंतच्या मामांचं सावजी.
रस्सा काळा, वर तेलाची लाल साय,
पहिल्या घासाला नाक, दुसऱ्याला डोळे.
सावजीत रडणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही.
त्याचे घरचे तुमसरला मुलगी पाहायला गेले
त्या रात्री मी एकटाच तिथं खूर खात बसलो,
वरून दोन वाट्या रस्सा मागितला.
मामा कोणाला तरी म्हणाले,
झेपून नाही राहिलं, तरी मागून राहिला.
आणि पाण्याचा जग ठेवून गेले.

मुलीनं नकार दिला.
तिला संत्रा बर्फी पाठवावी, असं गुणवंत म्हणाला.
पाठवली नाही. डबा आम्हीच संपवला.

मेच्या शेवटच्या शनिवारी खिंडसी.
कन्हानचा पूल ओलांडला की तो दुपट्टा सोडतो,
तोंडावर लू घेतो, डोळे मिटून,
मला आरशात दिसतं.

लॉजवर रजिस्टर.
नाव, गाव, वाहन क्रमांक, आणि शेवटचा रकाना: नाते.
मॅनेजरच्या गालात खर्रा.
भाऊ होय काय तुमचा?
'हो' म्हणायला काय लागतं? चार लॉजवर म्हणालो होतो.
त्या दिवशी जीभ हलली नाही.
गुणवंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला.
मॅनेजर बाहेर जाऊन थुंकला,
परत आला, रजिस्टर स्वतःकडे ओढलं
आणि त्या रकान्यात लिहिलं: सोबत.
एसी चालून नाही राहिला, म्हणाला, कूलर आहे.
बिघडला तर सांगा.

खोलीचं दार लावून आम्ही इतके हसलो
की गुणवंतला उचकी लागली.

तळं आटलेलं, कडेचा चिखल तडकलेला,
मधल्या पाण्यात चार बदकं.
दुपट्टे पिळून कठड्यावर टाकले होते,
सकाळी गुंतून एकच गाठोडं झालेलं.
दोन्ही पांढरे, दोन्ही सीताबर्डीचे,
कोणता कोणाचा, पत्ता लागेना.

सात जूनला मृग, मी म्हणालो.
मग सगळं शहर उघड्या तोंडानं फिरेल.
त्यानं उत्तर दिलं नाही.
हातातला दुपट्टा घडी करून डिकीत टाकला,
किल्ली मागितली,
म्हणाला, आज तू मागं बस.