मुखपृष्ठ, अंक नववा

मुनाफनं मुखपृष्ठ घेतलं, मी गोष्ट घेतली.
भांडण मिटलं ते असं, दाभोळच्या धक्क्यावर,
लाँच पलीकडे धोपाव्याला गेलेली असताना.
'तांडेल भैरव', अंक नववा, किंमत दीड रुपया,
बारा आणे त्याचे, बारा आणे माझे.
दोन्ही पिना माझ्याकडे आल्या.

आता माझं वय छप्पन्न, धक्क्याजवळ हार्डवेअरचं दुकान,
आणि बत्तीस पानं काळी-पांढरी,
शर्ट न घालता पाहुण्यांसमोर आल्यासारखी.
म्हटलं, मुखपृष्ठ करवून घेऊ. मला सगळं आठवतं:
डोलकाठीला आठ हातांचा विळखा,
भैरवच्या मुठीत कोयता, दातांत दोरी,
मागे आभाळ आगळाच्या रंगाचं.

गजा पावसे होड्यांवर नावं रंगवतो.
त्यानं प्लायवुडवर काढलं, ऑइल पेंटनं.
होडी अशी, की वल्ह्याला हात लावावा.
पण विळख्याचे हात दहा.
'गजा, आठ.'
'म्हाकुळाला दहा असतात. मी रोज बघतो,
तू पुस्तकात बघितलास.'
पैसे घेतले नाहीत. निळ्या रंगाचा डबा नेला.

वासू मेस्त्रीकडे श्रावणात गेलो, ही माझी चूक.
गणपतीच्या शाळेत दीडशे मूर्ती बिनडोळ्यांच्या
आणि त्यांच्यामागे नंबर लावून माझा भैरव,
तोही बिनडोळ्यांचा.
चतुर्थीच्या आदल्या रात्री मिळाला.
कोयत्याचा हात वर, पण आशीर्वाद द्यावा तसा,
आणि नजर इतकी शांत
की समोरच्या जनावरालाही मोदक मिळेलसं वाटावं.

केतकी खेराडे चिपळूणला शिकते, टॅबवर काढते.
'काका, रेफरन्स पाठवा.'
रेफरन्स असता तर तुला कशाला सांगितलं असतं, बाई.
तिसऱ्या दिवशी आलं. थेंब न् थेंब चमकणारा,
भैरवच्या पोटावर सहा चौकोन.
आमचा भैरव भात खायचा.
'ऑक्टोपस नको असेल तर काढते, लेयर वेगळाच आहे.'

तिन्ही दुकानात लावली, टर्पेंटाइनच्या डब्यांच्या वर,
आणि फोटो कुवेतला मुनाफला पाठवला.
पंचवीस वर्षांत आम्ही ईद आणि गणपती, एवढंच बोललोय.
रात्री त्याचा फोन. मागे एसीची घरघर.
'अरे खुळ्या, आठ हात नि दहा हात कसले?
ते अकराव्या पानावर. तुझ्याकडेच आहे, बघ.'
मी अकरावं पान काढलं.
होतं.
कोयता, दोरी, सगळं तिथेच, माझ्याच वाट्यात.

'मग मुखपृष्ठावर काय होतं?'
'होडी. बारकी, एका कोपऱ्यात.
भैरव पाठमोरा, तोंड दिसतच नाही.
बाकी नुसतं आभाळ.'
'लाल?'
तो थोडा वेळ काही बोलला नाही.
'मी ते ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं.
आता नुसता डिंकाचा डाग आहे.
त्या डागावरनं सांगतोय तुला.
लाल लाव.'

सकाळी गजाकडे गेलो. चौथं काढ म्हटलं,
होडी बारकी, माणूस पाठमोरा.
'मग एवढा मोठा पत्रा कशाला?'
'आभाळाला.'
'आणि मालक कोण लिहू? होडी म्हटली की मालक लागतो.'
'दोघं लिही.'
अक्षराला वीस रुपये, जोडाक्षराला तीस.
मुनाफ परकार, मुनाफ परकार, गजानं बोटांवर मोजलं.
'हा स्वस्तात बसतो. एक जोडाक्षर नाही.
महाग पडणार तो तू, श्रीकृष्णा.'