शब्द स्तर

तपासणीस आले तेव्हा पावणेअकरा वाजले होते.
हातात स्टॉपवॉच, बगलेत तक्ते,
मुलागणिक एक मिनिट.

चौथी ब. वडारपाड्यातली तायव्वा
चपला दाराबाहेर काढून आली,
कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.
द, ग, ड.
मी तिचे ओठ पाहत होतो,
तिन्ही अक्षरं नीट, ओळीनं गेली.
मग ती मोठ्यानं म्हणाली, "रायी."

साहेबांनी फुली मारली.

पुढचा शब्द पाणी.
"नीळ्ळू," म्हणाली, आणि जीभ चावली.
दुसरी फुली.
गट क. शेरा : शब्द वाचता येत नाहीत.

साहेब, मी म्हणणार होतो,
तिच्या आज्यानं इथली खाण फोडली,
समोरचे बत्तीस मजले त्या खडीवर उभे आहेत,
त्या घरात दगडाला दगड कुणी म्हणत नाही.
अक्षरं आत गेली, अर्थ बाहेर आला,
वाचन म्हणजे आणखी काय असतं?
म्हणालो नाही. चहा मागवला.

मीही पानी म्हणायचो.
टिल्लू बाईंनी बाकावर उभं करून
चाळीस वेळा पाणी म्हणवून घेतलं.
आता माझा ण इतका स्वच्छ आहे
की फोनवर आई कधीकधी विचारते,
कोण बोलतंय?

संध्याकाळी तक्ता भरायला बसलो.
अपेक्षित, प्रत्यक्ष, तफावत.
तफावत मुलाच्या नावापुढे लिहायची असते.
शाळेच्या नावापुढे रकानाच नाही.
हा वर्ग तिसरीत असताना
सात महिने मास्तरावाचून बसला होता.
मास्तर मतदारयाद्या करत दारोदार हिंडत होता.
तो मास्तर मी.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मधोमध रेघ मारली.
डावीकडे दगड, उजवीकडे रायी.
मागच्या बाकावरून शबिस्ता ओरडली, सर, पत्थर!
मग कुणी थांबेना.
फळा संपला, खडू संपला,
बाजूच्या वर्गातून दोनदा निरोप आला.

दिवाळीच्या सुट्टीआधी तायव्वाला पुन्हा वाचायला दिलं,
माझ्या मनगटावरच्या घड्याळात.
दगड म्हणाली. पाणी म्हणाली, ण जरा घसरला,
मी घसरू दिला.
मिनिटात एकेचाळीस शब्द.
साठ हवेत.

उरलेले एकोणीस
माझ्या नावापुढे लिहिले.
पेनानं.