सकाळचा पारा

अकितात बर्फ खिडकीशी आला
की मी गाडी खालच्या रस्त्यावर सोडते आणि चालत वर जाते.
पिशवीत दोन यंत्रं.
एक दंडाला बांधायचं, एक सारात बुडवायचं.
दोन्हींचे आकडे गावाला आवडत नाहीत.

किसाकुआजोबांच्या घरी
छताला धुरावर टांगलेले मुळे,
खाली पिंपात कोंड्या-मिठात निजलेले त्यांचे थोरले भाऊ.
"चहासोबत एवढंच," म्हणत तोवाआजी बशी सरकवते.
सहा चकत्या. मी दोन खाते.
आता खाल्ल्या मिठाला जागायचं, तर बोलू काय?

बाही वर. पट्टा फुगतो, फुसफुसतो.
एकशे अठ्ठ्याहत्तर. खालचा शहाण्णव.
"काल किती घेतलीत?"
"एक पेला."
आजी चुलीकडे बघत
पाठीमागे तीन बोटं दाखवते.

"घेतली की अंग सैल होतं, पोरी. डोकं निवतं."
खरंच निवतं. म्हणून तर पटवणं अवघड.
साके रात्री रक्ताचा हात धरून त्याला चार पायऱ्या खाली नेते,
गोड बोलते, पांघरूण घालते,
आणि पहाटे वसुलीला येते,
व्याजासकट.

माझ्या वडिलांना पहाटेच लागलं.
इकडे तसंच म्हणतात, 'लागलं',
कुणी दगड भिरकावल्यासारखं.
फावडं बर्फात उभंच होतं, दांड्यावर एक हातमोजा.
गाव दगड मारणाऱ्याला शोधत राहिलं :
थंडी, वय, नशीब, थोरल्या काकांशी झालेलं भांडण.
दगड घरातच होता.
पिंपाच्या झाकणावर,
लोणचं दाबून धरलेला.

पण मिठाला तरी किती बोल लावू?
पाच महिने काही उगवत नसे इथे.
मिठानेच मुळा टिकवला, मासा टिकवला,
माझी आजी टिकवली, म्हणून मी.
ज्याने जगवलं त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला
मी दर महिन्याला हा चढ चढते.

जावयाने सफरचंदांची टोपली पाठवली आहे.
"रोज एक खा, आजोबा. यात पोटॅशियम असतं,
ते मिठाला दारापर्यंत पोचवून येतं."
"आणि मी?" आजी विचारते.
तिचा कागद माझ्या पिशवीत आहे.
मूत्रपिंडं थकली आहेत तिची, दारच नीट उघडत नाही.
"तुम्ही अर्धी फोड. पालक उकडून, पाणी फेकून.
आणि ते नवं कमी सोडियमचं मीठ तर मुळीच नको,
त्यातही तेच असतं."
आजी हसते, दात नसलेल्या बाजूने.
"साठ वर्षं एका पातेल्यातलं जेवलो.
आता याचं औषध ते माझं विष."
यावर माझ्या वहीत रकाना नाही.

शेवटी सार.
कांडी बुडवते. मागल्या खेपेला दीड होता,
आज शून्य दशांश नऊ.
पुसून पुन्हा बुडवते. नऊच.
वर बघते तर आजीचं बोट ओठांवर.
दर आठवड्याला मिसोचा एक चमचा कमी,
वाळवलेल्या माशाचे तुकडे थोडे जास्त,
आणि तोंडातून अवाक्षर नाही.
आजोबा वाटी तोंडाला लावतात, भुरका मारतात.
"आकडा काय म्हणायचा तो म्हणू दे.
हिच्या हाताला चव आहे."
नावडतीचं मीठ अळणी.
आवडतीचं अळणी मात्र
तीन महिने कुणाला कळलं नाही.

मी वहीत नऊ लिहिते.
पेल्यांच्या रकान्यात 'एक' लिहिते, मग खोडून तीन.
निघताना आजी कागदात चकत्या बांधून देते,
धुराच्या, पिवळ्या, खाऱ्या.
नको म्हणायला हवं होतं.

उतारावर दोन संपल्या.
जीभ चुरचुरत होती, कानात ठोके ऐकू येत होते,
ते चढ-उताराचेच असतील.
दंड माझाही आहे, पण त्याला पट्टा कोण बांधणार?
वाकून मूठभर बर्फ तोंडात घातला.
कसलीच चव नव्हती त्याला.
दुसरी मूठ घेतली.