निळ्या चाकाचे दात

लिएपायात फेब्रुवारीचा वारा दाराशी थांबत नाही,
सरळ जिन्यात शिरतो, पाच मजले चढून येतो
आणि खिडकीच्या फटीत कोंबलेली कागदाची सुरळी
माझ्या पायाशी आणून टाकतो.

टेबलावर कार्ड आहे. दोन हजार तीन सालचं.
पंख्याचं एक पातं तुटलं, तेव्हा समोरचं मीच तोडलं,
तोल राहावा म्हणून.
कार्डं मी लोकरीत गुंडाळत नाही, लोकरीत वीज दडून बसते.
पावाच्या कागदी पिशव्या बऱ्या. वर पेन्सिलीने तारखा :
कधी चाललं, कधी रुसलं.
हे तर एकदा ओव्हनमध्येही जाऊन आलंय, आठ मिनिटं,
सुटलेले टाके पुन्हा धरावेत म्हणून.
माझी बहीण मिर्द्झा अजून ऐकवते,
त्या आठवड्यात राईच्या पावाला गोदीचा वास येत होता.

गोदीत तीस वर्षं मी जहाजांच्या तारा जोडल्या.
आता नवा ड्रायव्हर आला की आधी याच्या अंगावर चढवतो,
म्हाताऱ्याला नवा सदरा घालून बघावा तसा :
काखेत काचतो का?

चाचणी साधी. पडद्यावर तीन दातेरी चाकं,
लाल, हिरवं, निळं, एकमेकांत अडकून फिरणारी.
त्या रात्री लाल फिरलं.
हिरवं फिरलं.
निळं नुसतंच गरगरलं, गुळगुळीत.
मिर्द्झा दारात काठीवर रेलून बघत होती.
बऱ्याच वेळाने म्हणाली, "बोळकं झालंय."

जुना ड्रायव्हर धड, नवा बिघडलेला,
आणि दोघांच्या मध्ये आठ हजार एकशे ब्याण्णव बदल,
कुठल्या कुठल्या गावी माणसांनी जागून केलेले, फुकट.
मग निम्मे करायचे. मधोमध थांबून बघायचं, दात आहेत?
आहेत. म्हणजे दोष पुढच्या निम्म्यात.
त्याचे निम्मे. नाहीत. मागे फिर.
अशा तेरा खेपा, आणि दर खेपेला हे यंत्र
पावणेचार तास दळत बसतं.
मी धुरावलेला मासा सोलला, ट्रामने जाऊन मिर्द्झाची औषधं आणली,
परत आलो तरी ते दळतच होतं.

शेवटी हाती लागली एक ओळ.
लिहिलेली नव्हे, खोडलेली.
तिथे आधी होतं : क्षणभर थांब.
कुणीतरी नेटक्या हाताने ते काढलं होतं,
शेजारी शेरा, आताच्या कार्डांना याची गरज नाही.
खोटं नव्हतं ते.

दवाखान्याच्या फोनवरचं यंत्र मिर्द्झाला नाव विचारतं.
ती श्वास घेते, तोंड उघडते,
तोवर ते जन्मतारखेवर गेलेलं असतं.

ओळ खोडणारा खांग, ह्युए शहरातला, वय एकोणीस.
त्याचं पत्र आलं, आधी माफी, मग :
हे कार्ड माझ्याहून मोठं आहे, मी कधी पाहिलेलं नाही.
किती जण वापरतात?
मी लिहिलं, मला माहीत असलेला, एक.
वाटलं, संपलं. एका माणसासाठी कोण वाकडी वाट करतो.
दुसऱ्या दिवशी एवढाच प्रश्न आला :
किती थांबायचं, ते मोजून सांगाल?

मोजलं.
चाळीस मायक्रोसेकंदांत दात येत नाहीत.
साठात कधी येतात, कधी अर्धवट.
ऐंशीला सगळे.
शंभर लिही, मी कळवलं, थंडीत याला जास्त लागतं.
त्याने शंभर लिहिलं.

पहाटे नवी बांधणी चढवली. चाकं फिरू लागली.
मिर्द्झाला हाक मारली.
काठीचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही,
मग पुन्हा काठी.
ती येऊन उभी राहिली, चष्मा शोधला, गळ्यातच होता,
पडद्यावर बोट ठेवून निळ्याचे दात मोजू लागली.
फिरत्या चाकाचे मोजता येत नाहीत. मी चाक थांबवलं.

"दहा," ती म्हणाली.
दहाच हवेत.
पिशवीवर तारीख घातली.