पेव

हरिपुरात फाल्गुन सरता सरता
दस्तगीरचाचा शेवटचं पेव उघडतो.
वरची माती, मग कडबा, मग फरशी.
लगेच वाकायचं नाही आत.
"कोंडलेला वारा आहे," म्हणतो, "जाऊ दे त्याला."

आम्ही बसतो निंबाखाली.
संगमाचं पाणी उतरलंय,
वारणेच्या अंगाला वाळू उघडी पडलीय.
डोक्यावर मोहर आलाय,
तो कधी आला, मी पाहिलं नाही.
यंदा बरंच काही पाहिलं नाही,
भाऊ गेल्यापासून.

भर उन्हात चाचा कंदील पेटवतो,
दोरीनं हात-हात खाली सोडतो.
रस्त्यावरची पोरं हसतात.
विझतो.
वर ओढतो, काच पुसतो, पुन्हा बसतो.
रोजा आहे; नुसतेच ओठ पुसतो.
सकाळी संगमेश्वरापुढे मी काय मागणार होतो,
ते आठवू पाहतो. आठवत नाही.

ऊन कलल्यावर दुसऱ्यांदा.
या खेपेला ज्योत
खालच्या काळोखात उभी राहते
आणि गोल भिंत दिसते,
गेल्या साली ठेवली तेवढीच पिवळी.

तो उतरतो. दोर माझ्या हातात.
पोती वर येतात एकेक,
सगळ्यात शेवटी तो स्वतः,
पापण्यांपर्यंत हळद,
पासष्टीचा नवरदेव!
आता मीही हसतो. किती महिन्यांनी.

घरी येऊन
भावाच्या खोलीची कडी काढली.
दार सताड उघडलं,
आत गेलो नाही.
पायरीवर बसलो,
खांद्यावरचा मोहर न झटकता,
वारा जाईस्तोवर.