भुवया

आमच्याकडे हो म्हणायला तोंड उघडावं लागत नाही.
भुवया किंचित वर. झालं.

हे बेथेलच्या डॉक्टरला कोण सांगणार?
नवा आहे, दक्षिणेकडून आलेला.
पडद्यावरून विचारतो, "चालताना धाप लागते?"
वासिली भुवया उचलतो.
डॉक्टर थांबतो. पुन्हा विचारतो, मोठ्यानं,
बहिऱ्याशी बोलावं तसं.
वासिली पुन्हा उचलतो, या खेपेला जरा वैतागून.
"नेटवर्क गेलं का?" डॉक्टर मला विचारतो.
नाही, डॉक्टर. दोनदा हो म्हणून झालंय त्यांचं.
तेव्हापासून तो कपाळाकडे बघून बोलतो.
शिकेल.

मी नास्तासिया. ना डॉक्टर, ना नर्स.
काही आठवड्यांचं शिक्षण, एक जाडजूड पुस्तक,
गळ्यात दवाखान्याची किल्ली,
आणि अख्ख्या गावाचे रक्तदाब तोंडपाठ.
नदीवरचं बर्फ तडकायला लागलं की आमचा रस्ताच संपतो.
वर स्नोमोबिल चालत नाही, खाली होडी शिरत नाही,
आणि धुकं असलं तर विमान
डोक्यावर घरघरतं नि आल्या वाटेनं परत जातं.
आज तसाच दिवस.
छपरावरच्या त्या पांढऱ्या थाळीवर जेवढं आभाळ मावेल
तेवढ्यावर भागवायचं.

आईच्या वेळी रेडिओ होता.
ठरल्या तासाला खरखरीतून डॉक्टर यायचा
आणि कुणाला मूळव्याध झाली, कुणाचे दिवस चुकले,
सगळा नदीकाठ कान लावून ऐकायचा.
आता दार लावून घेता येतं.
माझ्या भावाच्या रात्री रेडिओही बंद होता.
ते असो.

"नडगीवर अंगठा दाबा," डॉक्टर म्हणतो.
दाबते ती मी.
त्याआधी हात काखेत धरून ऊबदार केले,
ते त्याला दिसत नाही.
"खड्डा राहतो?"
राहतो. ओल्या बर्फात टाच रुतावी तसा,
आणि भरून यायचं नावच घेत नाही.
"कधीपासून?"
वासिली आमच्या भाषेत सांगतो,
रानहंस आले, त्याच्या आदल्या दिवसापासून.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर हंस शोधते.
अकरा दिवस, डॉक्टर.

छातीला चिकटवलेल्या तारा, कागदावरच्या रेघा
मी पाठवून देते.
तो वाचतो. वाचतच राहतो.
तेवढ्यात वासिली कोटाच्या आतून काढतो
वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा
आणि कॅमेऱ्यासमोर धरतो, अगदी भिंगाला टेकवून.
तिकडे बेथेलला सगळा पडदा माशानं भरला असणार.
"त्याला दे," मला म्हणतो. "बारीक दिसतोय."
लसींच्या फ्रिजमध्ये खायचं ठेवायचं नाही असा नियम आहे.
ठेवीन कुठेतरी, वर डॉक्टरचं नाव घालून.
वर्षातून एकदा येतात ते,
पाय घेऊन येतात तेव्हा.

मग वासिली स्वतःहून विचारतो,
आजवर कधी न विचारणारा माणूस,
इंग्रजीत, एकेक शब्द काठी टेकवत टेकवत:
"मोठे सॅमन वर चढतील, तेव्हा जाळ्यावर मी असेन ना?"

डॉक्टर कागद खाली ठेवतो.
वर बघतो.
भुवया उचलतो
आणि तिथेच गोठतो.

पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र,
त्यामागे उचललेल्या दोन पिवळट भुवया.
बोलायच्या आधी माणूस उचलतो, तशा?
वाईट सांगताना उचलतात, तशा?
की पोरगं खरंच शिकलं?

वासिली बघून घेतो, पुरतं.
टोपी कानांवर ओढतो.
"हो म्हणाला," मला सांगतो,
आणि खुर्चीत जरा सैलावतो.

भिंतीपाशी तार निसटली होती.
मला दिसली.
लगेच खोचली नाही.